इंजिन कोणाचे, शर्यत कोणाची? महिंद्राचे मोटो-३ पर्व आणि स्वतंत्र इंजिन पुरवठादारांचा इतिहास

१/
दि. २६ जून २०१६. नेदरलँड्समधील आसेनच्या धावमार्गावर मोटो-३ गटाची शर्यत संपली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर फ्रान्चेस्को बाग्नाया हा १९ वर्षांचा इटालियन स्वार होता. त्याच्या मोटारसायकलीवर नाव होते ‘महिंद्रा’. मोटारसायकलींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९४९ साली सुरू झाली. तेव्हापासून भारतीय कंपनीच्या यंत्राने तिच्यात मिळवलेला हा पहिलाच विजय.

बाग्नायाचा संघ मात्र महिंद्राचा नव्हता. तो होता स्पेनचा अस्पार संघ. मुंबईत मुख्यालय असलेली एक कंपनी यंत्र पुरवत होती आणि एक परका संघ ते घेऊन जिंकत होता. असे का घडले, आणि दीड वर्षात ते का संपले, हे समजून घ्यायचे तर शर्यतींच्या इतिहासातील एका दुर्लक्षित पात्राकडे वळावे लागते. ते पात्र म्हणजे इंजिन विकणारा. या धाग्यात त्याचीच कथा सांगत आहे.

२/
आपल्या वऱ्हाडात ही गोष्ट शंकरपटाच्या उदाहरणाने चटकन उलगडते. तळेगाव दशासरच्या पटात छकडा कोणीही बांधून घेऊ शकतो, चांगला धुरकरीही मिळतो. खरा प्रश्न जोडीचा असतो. आता कल्पना करा, की साऱ्या परगण्यात उत्तम बैल दोघातिघांकडेच आहेत आणि ते स्वतःही पटात उतरतात. ते तुम्हाला जोडी विकतील का? विकलीच, तर दावणीतली सर्वांत चांगली विकतील का?

मोटार शर्यतींतील लहान संघ गेली सत्तर वर्षे याच प्रश्नाशी झगडत आहेत. सांगाडा घडवणे त्यांच्या आवाक्यात असते. इंजिन घडवण्यासाठी लागतो अफाट पैसा, आणि तो असतो प्रतिस्पर्ध्याकडे. ज्याला स्वतः शर्यत जिंकायची नाही, ज्याचा धंदाच इंजिन विकण्याचा आहे, असा तिसरा कोणी असेल तरच लहानांना मैदानात स्थान राहते. त्या तिसऱ्याचे जगणे-मरणे ठरवते ती नियमावली.

३/
असा पहिला मोठा विक्रेता होता इंग्लंडचा कोव्हेंट्री क्लायमॅक्स. ही कंपनी फोर्कलिफ्ट आणि पाण्याचे पंप बनवी. १९५० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारला अग्निशमनासाठी वजनाने हलका, पण जोरकस पंप हवा होता. वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी या अभियंत्यांनी त्यासाठी सुमारे एक लिटरचे हलके इंजिन तयार केले. शर्यतवेड्या मंडळींनी ते पाहिले आणि मोटारींसाठी मागणी सुरू केली.

पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने आपल्याकडे विहिरींवर पाणी उपसत होती, त्याच काळातली ही घटना. पंपाच्या इंजिनापासून निघालेली ती वाट इंग्लंडमध्ये फॉर्म्युला वनपर्यंत गेली. क्लायमॅक्सच्या अडीच लिटर इंजिनावर जॅक ब्रॅबमने कूपर संघासाठी १९५९ आणि १९६० ही दोन्ही अजिंक्यपदे जिंकली.

४/
एन्झो फेरारी या इंग्रज संघांना तुच्छतेने ‘गॅरेजवाले’ म्हणत असे. इंजिन स्वतः घडवत नाही तो खरा निर्माता नव्हे, असा त्यामागचा भाव. तरी गॅरेजवाले जिंकत राहिले. १९६१ पासून नियमाने इंजिनाची घनक्षमता दीड लिटरवर आली, तेव्हा क्लायमॅक्सने नवे आठ सिलिंडरांचे इंजिन दिले. त्याच्या बळावर जिम क्लार्कने लोटस संघाकडून १९६३ आणि १९६५ ची अजिंक्यपदे मिळवली.

मग नियम पुन्हा बदलला. १९६६ पासून घनक्षमता थेट तीन लिटर, म्हणजे दुप्पट झाली. विक्रेत्याच्या दृष्टीने याचा अर्थ सारे काम नव्याने आरंभणे आणि सारा खर्च पुन्हा करणे. क्लायमॅक्सने हिशेब केला आणि १९६५ च्या अखेरीस शर्यतींचा निरोप घेतला. अजिंक्यपद जिंकणारे इंजिन बनवणारी कंपनी त्याच वर्षी मैदान सोडून गेली. शर्यतीत तिला कोणी हरवले नव्हते. नियमावलीचे एक वाक्य तिला पुरेसे झाले.

५/
ती पोकळी कॉसवर्थने भरली. माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ या दोघांनी १९५८ साली ही छोटी संस्था काढली होती; दोघांच्या आडनावांतून तिचे नाव बनले. लोटसच्या आग्रहावरून फोर्ड कंपनीने १,००,००० पौंड दिले आणि डकवर्थने ‘डीएफव्ही’ हे तीन लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन रचले. दि. ४ जून १९६७ रोजी झांडफोर्ट येथे ते प्रथमच शर्यतीत उतरले आणि त्याच दिवशी जिम क्लार्क जिंकला.

इतिहासाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा निर्णय पुढच्या वर्षीचा आहे. १९६७ मध्ये हे इंजिन फक्त लोटसकडे होते. एकाच संघाकडे असे यंत्र राहिले तर शर्यतीत रसच उरणार नाही, हे फोर्डच्या वॉल्टर हेज यांनी ओळखले. १९६८ पासून डीएफव्ही इतर संघांनाही विकले जाऊ लागले.

६/
या एका निर्णयाने फॉर्म्युला वनचे रूप पालटले. मॅक्लारेन, टिरेल, विल्यम्स, ब्रॅबम अशा संघांना इंजिनासाठी कोणत्याही मोटार कंपनीच्या दारात उभे राहावे लागले नाही. सांगाडा स्वतःचा, बुद्धी स्वतःची आणि इंजिन विकतचे, हा मार्ग प्रतिष्ठेचा झाला. १९६८ ते १९८२ या काळात डीएफव्हीवर स्वारांची १२ अजिंक्यपदे जिंकली गेली. या कुळातील इंजिनांचे एकूण विजय १५५ भरले.

साऱ्यांकडे एकच इंजिन असल्याने कल्पकतेचे क्षेत्रही सरकले. हवेच्या दाबाने मोटार रस्त्याला चिकटवून ठेवण्याची विद्या याच काळात बहरली. इंजिन समान झाले, तेव्हा स्पर्धा बुद्धीकडे वळली.

७/
परंतु १९६६ च्या त्याच नियमात आणखी एक वाक्य होते. तीन लिटरच्या साध्या इंजिनाऐवजी दीड लिटरचे, जादा हवा कोंबणारे इंजिनही चालेल, असे ते वाक्य. ते अकरा वर्षे निद्रिस्त राहिले. १९७७ साली सिल्व्हरस्टोन येथे रेनोने टर्बो इंजिनाची मोटार उतरवली आणि ते वाक्य जागे झाले.

सुरुवातीला ती मोटार वारंवार धूर सोडून थांबे आणि लोक हसत. काही वर्षांतच हसू ओसरले. टर्बो इंजिनाला लागणारा पैसा मोठ्या मोटार कंपन्यांकडेच होता. डीएफव्हीच्या कुळाने आपला शेवटचा विजय १९८३ साली डेट्रॉइट येथे मिळवला. पुढे नियम बदलत गेले, स्वतंत्र विक्रेते येत-जात राहिले. पण साऱ्या मैदानाला इंजिन देणारा तसा विक्रेता पुन्हा झाला नाही.

८/
भारतीय प्रेक्षकांनी या व्यवस्थेची झलक पाहिली ती दि. ३० ऑक्टोबर २०११ रोजी, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. भारतातील पहिल्या फॉर्म्युला वन शर्यतीत नरेन कार्तिकेयन एचआरटी या लहानशा स्पॅनिश संघाकडून धावला आणि १७ वा आला. त्याच्या मोटारीत इंजिन होते कॉसवर्थचे. २०१० मध्ये नवे संघ यावेत म्हणून दारे उघडली गेली, तेव्हा कॉसवर्थ परत आले होते.

२०१४ पासून १.६ लिटरचे टर्बो आणि त्याला विजेची जोड, अशी अतिशय गुंतागुंतीची यंत्रणा सक्तीची झाली. स्वतंत्र विक्रेत्याला हा खर्च पेलणारा नव्हता. कॉसवर्थ पुन्हा बाहेर पडले.

९/
त्याच शर्यतीत भारतीय नाव असलेला एक संघही होता, फोर्स इंडिया. विजय मल्ल्या यांनी २००७ साली स्पायकर संघ घेऊन तो उभा केला. त्याचा कारखाना होता इंग्लंडमध्ये, सिल्व्हरस्टोनजवळ. इंजिन २००८ मध्ये फेरारीचे आणि २००९ पासून मर्सिडीजचे.

२००९ साली बेल्जियमच्या स्पा येथे जियानकार्लो फिसिकेलाने या मोटारीतून सर्वांत पुढचे स्थान पटकावले. शर्यतीत तो दुसरा आला. त्याच्या पुढे राहिला तो फेरारीचा किमी रायकोनेन. फेरारीकडे ब्रेकची वाया जाणारी ऊर्जा साठवून पुन्हा वापरणारी यंत्रणा होती, फोर्स इंडियाच्या मोटारीत ती नव्हती. विकतच्या इंजिनावर किती दूर जाता येते आणि शेवटचे पाऊल कुठे अडते, हे त्या एका दुपारी दिसले. २०१६ आणि २०१७ मध्ये हा संघ चौथ्या क्रमांकावर राहिला. २०१८ च्या जुलैमध्ये आर्थिक डबघाईमुळे तो प्रशासकांच्या हाती गेला.

१०/
इंजिन विकणारे मोजके आणि सारे प्रतिस्पर्धी, ही अवस्था किती धोक्याची असते हे २०१५ मध्ये रेड बुलसारख्या बलाढ्य संघालाही कळले. रेनोशी त्याचे बिनसले. मर्सिडीज आणि फेरारी यांनी आपली अव्वल इंजिने द्यायला नकार दिला. चार वेळचा विजेता संघ इंजिनावाचून घरी बसण्याची वेळ आली होती. अखेर रेनोचेच इंजिन एका घड्याळ कंपनीच्या नावाने घेऊन संघ पुढे धावला.

त्या हिवाळ्यात स्पर्धेची नियामक संस्था एफआयए हिने स्वस्त इंजिन देणारा स्वतंत्र पुरवठादार शोधण्याचा प्रस्ताव मांडला. मोटार कंपन्यांनी तो मान्य होऊ दिला नाही. तडजोड म्हणून त्यांनी किंमत कमी करण्याचे आणि इंजिनाविना राहिलेल्या संघाला इंजिन देण्याचे बंधन स्वीकारले.

११/
येथे थोडे थांबून पाहिले तर नियमावलीपुढे तीन मार्ग दिसतात.

पहिला: विक्री मोकळी ठेवायची आणि डकवर्थसारखा कोणी येईल अशी आशा करायची.
दुसरा: सर्वांना एकाच कंपनीचे इंजिन द्यायचे. मोटारसायकलींच्या मोटो-२ गटात हे घडले. २०१० ते २०१८ होंडाचे ६०० सीसी इंजिन, २०१९ पासून ट्रायम्फचे ७६५ सीसी इंजिन.
तिसरा: जो मैदानात इंजिन आणेल त्याने ते ठरलेल्या किमतीत इतरांनाही विकलेच पाहिजे, असा दंडक घालायचा.

तिसरा मार्ग मोटो-३ गटाने धरला, आणि त्याच मार्गाने महिंद्रा जगापुढे आली.

१२/
आधी महिंद्राची पार्श्वभूमी. तिच्या दुचाकींची मुळे पुण्यात आहेत. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना आणली. ५० सीसीच्या या गाडीने वऱ्हाडातल्या शिक्षकापासून दूधवाल्यापर्यंत साऱ्यांना चाके दिली. पुढे कायनेटिक होंडा आली. २००८ साली कायनेटिक मोटरचा दुचाकी व्यवसाय महिंद्राने घेतला. त्याच सुमारास इटलीतील बोलोन्या परिसरातील ‘इंजिन्स इंजिनिअरिंग’ या अभियांत्रिकी संस्थेतही तिने हिस्सा घेतला.

२०११ मध्ये महिंद्रा १२५ सीसी गटात उतरली. दुचाकीच्या जागतिक स्पर्धेत यंत्रनिर्माता म्हणून आलेली ती पहिली भारतीय कंपनी. त्या वर्षीच्या शेवटच्या शर्यतीत, व्हॅलेन्सिया येथे, डॅनी वेबने महिंद्रावरून सर्वांत पुढचे स्थान मिळवले. १२५ सीसी गटाची ती अखेरची शर्यत होती.

१३/
१२५ सीसी गट बंद का झाला? टू-स्ट्रोक इंजिने रस्त्यावरून हद्दपार होत होती, आणि शर्यतीत अ‍ॅप्रिलियाच्या कुळातील यंत्रांचे वर्चस्व इतके होते, की जिंकायचे तर ती यंत्रे महागड्या भाड्याने घ्यावी लागत.

२०१२ पासून आलेल्या मोटो-३ गटाचे नियम या दुखण्यावरचे औषध होते. इंजिन फोर-स्ट्रोक, एकच सिलिंडर, २५० सीसी. फेऱ्यांची मर्यादा मिनिटाला १४,०००. इंजिनाच्या किमतीला १२,००० युरोंचे कुंपण. आणि मुख्य अट अशी, की निर्मात्याने मागणी आल्यास इतर संघांना इंजिन पुरवावे. कमी फेरे म्हणजे कमी झीज, कमी झीज म्हणजे कमी खर्च. आणि ठरलेली किंमत म्हणजे लहान संघाला आधार. कागदावर ही डीएफव्हीच्या काळाची पुनःस्थापनाच होती.

१४/
प्रत्यक्षात काय झाले? होंडाने नियमाचा हेतू प्रमाण मानून तुलनेने साधे, स्वस्त यंत्र आणले. ऑस्ट्रियाच्या केटीएमने नियमाच्या अक्षरात राहून कमालीचे टोकदार यंत्र बनवले. २०१३ सालच्या १७ च्या १७ शर्यती केटीएमच्या इंजिनांनी जिंकल्या. २०१४ मध्ये होंडा नवे, कितीतरी अधिक महत्त्वाकांक्षी यंत्र घेऊन परतली आणि अजिंक्यपद घेऊन गेली. स्वस्ताईसाठी आखलेला गट दोन वर्षांत शस्त्रस्पर्धेत बदलला. २०१५ मध्ये फेऱ्यांची मर्यादा १३,५०० वर आणावी लागली.

किमतीला कुंपण घालता येते, संशोधनावरच्या खर्चाला घालणे फार अवघड असते. इंजिन १२,००० युरोंना विकायचे असले तरी ते घडवण्यासाठी किती कोटी ओतावेत, यावर बंधन नव्हते. तोटा सोसून विकण्याची ताकद ज्याच्याकडे अधिक, तो पुढे.

१५/
या लढाईत महाराष्ट्राचे दोन धागे गुंतले होते, आणि ते एकमेकांविरुद्ध होते. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००७ साली केटीएममध्ये १४.५ टक्के हिस्सा घेतला आणि पुढे तो निम्म्याच्या जवळ नेला. चाकणच्या कारखान्यात केटीएमच्या ड्यूक बनू लागल्या. आज अमरावतीच्या राजकमल चौकातून जी केटीएम भरधाव जाताना दिसते, ती याच व्यवहाराचे फळ.

म्हणजे एका मराठी मुलखातल्या कंपनीने जिंकणाऱ्या घराण्यात भागीदारी विकत घेतली. दुसरीने स्वतःच्या नावाने यंत्र घेऊन त्याच घराण्याशी झुंज मांडली. दोन्ही मार्ग आपापल्या जागी शहाणपणाचे होते. धोका मात्र दुसऱ्यात अधिक होता. हरल्यास नाव स्वतःचे जात होते.

१६/
महिंद्राची सुरुवात खडतर होती. २०१२ चे इंजिन मोदेना येथील ओराल इंजिनिअरिंगने तयार केले. फेरारीचा ख्यातनाम अभियंता माउरो फोर्गिएरी हा या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. नाव मोठे असूनही ते वर्ष निराशेचे ठरले.

२०१३ साठी महिंद्राने स्वित्झर्लंडच्या सुटर संस्थेशी हातमिळवणी केली आणि चित्र पालटले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मलेशियातील सेपांग येथे मिगेल ऑलिव्हेरा तिसरा आला. महिंद्राचे हे पहिले विजयमंच. निर्मात्यांच्या तक्त्यात महिंद्रा केटीएम आणि होंडा यांच्या मागोमाग तिसरी राहिली.

१७/
आणि मग ती विक्रेती झाली. २०१४ मध्ये इतर संघांनीही महिंद्राची यंत्रे घेतली. त्या वर्षी जर्मनीतील झाक्सनरिंग येथे ब्रॅड बाइंडर हा दक्षिण आफ्रिकी तरुण अँब्रोजिओ संघाकडून दुसरा आला. महिंद्राची तोवरची सर्वोत्तम कामगिरी ग्राहक संघाने करून दाखवली होती.

२०१५ मध्ये कंपनीने धोरणच बदलले. स्वतःचा संघ बंद करून ती पूर्ण पुरवठादार बनली. अधिकृत जबाबदारी अस्पारकडे सोपवली आणि तांत्रिक तळ इटलीतील बेसोझो येथे ठेवला. २०१६ मध्ये बाग्नाया आसेन आणि सेपांग अशा दोन शर्यती जिंकून अजिंक्यपदाच्या तक्त्यात चौथा आला. त्याच ऑगस्टमध्ये ब्रनो येथे जॉन मॅकफी प्यूजोवर जिंकला. प्यूजोच्या दुचाकी कंपनीत महिंद्राचा ५१ टक्के हिस्सा होता आणि ते यंत्र मूळचे महिंद्राचेच होते. दुसरा आलेला होर्हे मार्टिन तर महिंद्रावरच होता.

१८/
आता एक अवघड प्रश्न. इंजिन इटलीत आणि स्वित्झर्लंडमध्ये रचलेले, तळ इटलीत, संघ स्पॅनिश, स्वार इटालियन. मग यात भारतीय काय होते?

हा आक्षेप खोडून काढण्याची घाई नको. रचनेचे ज्ञान बहुतांशी बाहेरचे होते, हे सत्य आहे. पण हीच कसोटी इतरांना लावून पाहा. डीएफव्हीवर फोर्डचे नाव होते. रचना डकवर्थची, कारखाना नॉर्दम्प्टनचा, आणि अमेरिकन कंपनीने दिला तो पैसा आणि निर्णय. तरी १९६८ मध्ये ते इंजिन सर्वांना खुले करण्याचा निर्णय ज्याच्या हाती होता, तोच इतिहासात महत्त्वाचा ठरतो. महिंद्राच्या बाबतीत काय बनवायचे, कोणाला विकायचे आणि केव्हा थांबायचे हे मुंबईत ठरत होते. यंत्र बिघडले तर उत्तरदायी तीच होती. निर्माता या शब्दात ज्ञान आणि उत्तरदायित्व या दोन गोष्टी येतात. महिंद्राने दुसरी पूर्ण पेलली, पहिली अर्धीच मिळवली.

१९/
हे पर्व २०१७ च्या अखेरीस संपले. महिंद्राने मोटो-३ सोडले आणि विजेच्या मोटारींच्या फॉर्म्युला-ई स्पर्धेवर लक्ष एकवटले. व्यवहाराच्या दृष्टीने कारण उघड आहे. होंडा आणि केटीएम यांच्या शोरूममध्ये शर्यतीच्या कीर्तीला गिऱ्हाईक होते. महिंद्राची मोजो ही ३०० सीसी वर्गाची मोटारसायकल २०१५ मध्ये आली, पण तिचा खप मर्यादितच राहिला. इंजिन ठरलेल्या किमतीत विकायचे आणि तोटा अन्यत्र भरून काढायचा, तर ते ‘अन्यत्र’ भक्कम असावे लागते.

मागे राहिले काय? मोजोच्या इंजिनातून २०१८ साली पुनर्जन्म घेतलेल्या जावाचे इंजिन विकसित झाले. आणि राहिली स्वारांची एक नामावली. महिंद्रावर घडलेला बाग्नाया २०२२ आणि २०२३ मध्ये मोटोजीपीचा विश्वविजेता झाला, मार्टिन २०२४ मध्ये. बाइंडरने २०१६ चे, तर २०१७ मध्ये अस्पारच्या महिंद्रावर धावलेल्या लोरेन्झो डाल्ला पोर्टा आणि अल्बर्ट अरेनास यांनी अनुक्रमे २०१९ आणि २०२० चे मोटो-३ अजिंक्यपद मिळवले. पाचही जणांनी ही पदे इतरांच्या यंत्रांवर जिंकली.

२०/
फॉर्म्युला-ई मध्ये नियमावलीने वेगळा खेळ मांडला. २०१४-१५ च्या पहिल्या हंगामात सर्वांच्या मोटारी सारख्याच होत्या. दुसऱ्या हंगामापासून विजेची मोटर आणि तिची नियंत्रण यंत्रणा स्वतः बनवण्याची मुभा मिळाली. बॅटरी मात्र सर्वांची एकच राहिली. सर्वांत महागडा भाग समान ठेवल्याने खर्चाला आपोआप लगाम बसला. महिंद्रा पहिल्या दिवसापासून येथे आहे. २०१७ च्या जूनमध्ये बर्लिन येथे फेलिक्स रोझेनक्विस्टने तिला पहिला विजय मिळवून दिला.

२०२३ मध्ये महिंद्रा येथेही विक्रेती झाली. जर्मनीच्या आब्ट संघाने तिची यंत्रणा घेतली. फेब्रुवारीत केपटाउन येथे मागच्या सस्पेन्शनच्या सुरक्षिततेविषयी शंका आली, म्हणून महिंद्राने माघार घेतली. तेच भाग वापरणाऱ्या आब्टलाही घ्यावी लागली. विक्रेत्याच्या चुकीची किंमत ग्राहकही मोजतो. एप्रिलमध्ये बर्लिनच्या ओल्या धावमार्गावर याच आब्टच्या रॉबिन फ्रिन्स आणि निको म्युलर यांनी पात्रता फेरीत पहिली दोन्ही स्थाने घेतली. त्या दिवशी गिऱ्हाईक दुकानदाराच्या पुढे होते.

२१/
हे चक्र अजून थांबलेले नाही. १९७७ मध्ये टर्बो आणून विकतच्या इंजिनांचे युग संपवणाऱ्या रेनोने २०२५ च्या अखेरीस फॉर्म्युला वनचे इंजिन बनवणे सोडले. तिचा अल्पिन संघ आता मर्सिडीजचे इंजिन विकत घेतो. एके काळचा निर्माता गिऱ्हाईक झाला.

इतिहासाच्या अभ्यासकाने यातून एक सवय लावून घ्यावी. शर्यतीचा निकाल पाहताना विजेत्याच्या नावाखालची बारीक ओळ वाचावी: इंजिन कोणाचे? आणि मग त्या वर्षीची नियमावली उघडावी. क्लायमॅक्स का गेला, कॉसवर्थ का आले, फोर्स इंडिया कुठे अडली, महिंद्रा कशी शिरली आणि का निघाली, याची उत्तरे तेथे आहेत. घनक्षमता, फेरे, किंमत यांचे ते रुक्ष आकडे असतात. मैदानात कोण उतरू शकेल हे मात्र तेच ठरवतात.

२२/
वऱ्हाडाला हा धडा नवा नाही. कापूस पिकवणारा एक आणि जिन-प्रेसचा मालक दुसरा, हे नाते आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. ज्याच्या यंत्रावाचून आपला माल पुढे जात नाही, तोच आपल्या मालाचा भावही ठरवू लागला, की शेतकऱ्याचे स्वातंत्र्य किती उरते, हे अकोल्याच्या बाजारात कोणीही सांगेल. आसेनच्या त्या दुपारी विजयमंचावर उभी असलेली महिंद्रा या नात्याच्या दुसऱ्या बाजूला होती. यंत्र तिचे होते आणि गरज दुसऱ्याची. ते स्थान फार थोड्यांना मिळते. ते टिकवण्यासाठी यंत्रामागचे ज्ञानही आपल्याच घरात रुजवावे लागते. दोन विजयांच्या या छोट्या पर्वाने आपल्यापुढे ठेवलेले अपुरे काम तेच आहे.

धागा समाप्त.